गाडीत काय भरू, घरी काय ठेवू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात आमच्या अकरा दिवसांच्या भटकंतीवर चार ओळी काय लिहिल्या, मेसेज येणं थांबूनच नाही राहिलं. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुनी बोलेरो, आम्ही सहा जण, यवतमाळहून लोणार, तिथून शेगाव, चिखलदरा, वरुडच्या संत्र्याच्या बागा, रामटेक, नवेगावबांध, मार्कंडा, हेमलकसा अन् चंद्रपूरवरून परत. चौदा-पंधराशे किलोमीटर झाले असतील. अर्ध्या रात्री तंबूत, बाकीच्या कुठं भक्त निवासात, कुठं पाहुण्यांच्या ओसरीत. मी काही मोठा प्रवासी नाही, पंधरा-सोळा वर्षं काळीपिवळी चालवली अन् आता गॅरेज आहे, त्यामुळं सामान भरणं अन् भरलेल्या सामानाची फजिती या दोन्ही गोष्टी पुष्कळ पाहिल्या, तेवढ्याच भांडवलावर उत्तरं देऊन राहिलो.

प्रश्न : भाऊ, आम्ही पण सहा जण, त्यात आई सत्तरीची अन् दोन पोरं शाळेतली. सोयाबीन विकून झालं, हरभऱ्याला पहिलं ओलित झालं की डिसेंबरात दहा-बारा दिवस निघायचा विचार आहे. पोरानं मोबाईलवर कॅम्पिंगच्या सामानाची यादी काढली, तंबू, स्लीपिंग बॅग, फोल्डिंग खुर्च्या, हवेच्या गाद्या, सगळं मिळून आकडा पाहून डोकं फिरलं. एवढं खरंच लागते का?
– वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : नाही लागत. ती यादी ज्यानं केली त्याच्या घरी कोठी नसेल, तुमच्या घरी आहे. आधी कोठीत जा, मग गोठ्यात जा, मग दुकानात.

ताडपत्रीपासून सुरू करा. सोयाबीनच्या सुडीवर टाकलेली असेलच, पण ती मोठी भल्ली जड, ती नका नेऊ. 12 बाय 15 फुटाची, 250 जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम) असेल तर तिचं वजन सव्वाचार किलोच्या आसपास भरते, अशा दोन पुरतात, एक खाली अन् एक वर. नेण्याआधी निरम्यानं घासून धुवा अन् उन्हात वाळवा, काहून की घड्यांमध्ये दाणे अडकून असतात अन् रात्री उंदीर त्या वासावर येतात, अन् उंदरामागं कोण येते ते मी सांगायला नको. अंथरताना एक गोष्ट लक्षात ठेवा, खालची ताडपत्री तंबूच्या बाहेर चार बोटंही निघाली नाही पाहिजे, कडा आत दुमडून टाका. बाहेर राहिली तर रात्रभराचं दव तिच्यावर गोळा होते अन् घरंगळत तुमच्या अंथरुणाखाली येते, सकाळी गादी ओली अन् प्रत्येक जण पोराकडं पाहते. आमच्याकडं लोणारला हेच झालं, पोरगं बिचारं उगीच बदनाम.

आता थंडी. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा 10च्या खाली सहज जाते, चिखलदरा तर समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटरवर, तिथं अजून झोंबते. लोक काय करतात, अंगावर तीन-तीन ब्लँकेटं घेतात अन् खाली एक चटई. थंडी खालून येते भाऊ! जमीन अंगातली ऊब ओढून घेते. हवेची गादी तर त्याहून वाईट, आतली हवाच गार पडते मग पाठ बर्फ. खाली ताडपत्री, तिच्यावर खताचे रिकामे नाही तर धान्याचे स्वच्छ कट्टे दोन थर, त्यावर सतरंजी अन् वर पातळ कापसाची गादी, एवढं केलं की अंगावर एक गोधडी अन् एक ब्लँकेट पुरते. कापसाची गादी ओल धरते, म्हणून रोज सकाळी चहा होईपर्यंत बोनेटवर उन्हात टाकायची. आईसाठी मात्र घडीची खाट घ्या, यात कंजुसी नको, सत्तरीच्या माणसाला जमिनीवरून उठताना टोंगळे धरतात अन् मग पूर्ण ट्रिपभर त्यांचाही मूड जाते अन् तुमचाही.

तंबू विकत घ्यावाच लागते, तो कोठीत निघत नाही. सहा जणांचा एक घेऊ नका, तीन-चार जणांचे दोन घ्या, अन् पाकिटावर चार जणांचा लिहिलं असलं की तीन मोठी माणसं धरायची. तंबूसोबत जे बारीक खुंटे येतात ते आपल्या मुरमात दोन ठोक्यात वाकतात. वेल्डिंगच्या दुकानातून 8 एमएमच्या सळाखीचे फूट-फूटभराचे डझनभर तुकडे कापून घ्या, वरचं तोंड हुकसारखं वाकवून, दीड किलोचं काम आहे पण वादळातही तंबू हलत नाही.

खुर्च्या घरी ठेवा. पोळपाटही घरी ठेवा. भाकर कोपरात, म्हणजे परातीत, थापता येते. पोळपाट काहून नाही ते खाली शेवटच्या उत्तरात सांगतो, त्यामागं इतिहास आहे.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. सहा माणसं साडेतीनशे किलो, पाणी 40, राशन 25-30, अंथरूण-पांघरूण, तंबू, गॅस, कपडे धरून अजून शंभर-सव्वाशे. पाणी अन् राशन हे खाली, मधल्या अन् मागच्या सीटच्या मध्ये. टपावर फक्त फुगीर पण हलकं, म्हणजे गाद्या-गोधड्या अन् तंबू. टपावर पाण्याचे जार बांधून निघालेली गाडी मी वळणावर झुलताना पाहिली आहे, चिखलदऱ्याच्या घाटात तो खेळ नको.

प्रश्न : घरचं सिलेंडर अन् शेगडी गाडीत टाकली तर चालते का? बाहेरचं खाणं आमच्या घरच्यांना सोसत नाही.
– वाचक, कारंजा

उत्तर : घरचं सिलेंडर म्हणजे 14.2 किलो गॅस अन् तेवढंच लोखंड, 30 किलोचा धोंडा, तोही घरच्या वापरासाठी दिलेला. नका नेऊ. गॅस एजन्सीत 5 किलोवालं छोटं सिलेंडर मिळते, ओळखपत्र दाखवलं की देतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एक बर्नर मध्यम आचेवर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाते. सहा जणांचा दोन वेळचा स्वयंपाक अन् चहा मिळून रोजचे तीन तास धरा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, म्हणजे एक छोटं सिलेंडर दहा-अकरा दिवस. आमचं बराबर चंद्रपुरात संपलं. गाडी चालू असताना रेग्युलेटर काढून, टोपी लावून, सिलेंडर उभंच ठेवायचं अन् दोरीनं सीटला बांधायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असते, लिक झाली तर खाली साचते, म्हणून खड्ड्यात, नाल्याच्या पोटात चूल मांडू नका अन् गाडीत वास आला तर आधी सगळे दरवाजे उघडा, बटन-बिटन काही दाबू नका.

अन् हे जरा मोठ्यानं सांगतो. तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी नाही, निखाऱ्याची घमेली नाही, ऊब म्हणूनसुद्धा नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वासच नसते, झोपेतला माणूस झोपेतच राहते. इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणंही त्यातलंच.

राशनात माझं मत असं की रोज भाजी शोधत फिरायचं नाही. जवसाची चटणी, तिळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, मुगवड्या, तुरीची डाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, आलू-कांदे एवढं घरून. वांगी, सांभार (कोथिंबीर), भेदरं (टमाटे) रस्त्यावरच्या बाजारात मिळतात. मोर्शी-वरुडकडून गेले तर आंबिया बहाराची संत्री बागेतूनच घ्या, पोरं गाडीत चिप्स मागत नाहीत. भांड्यांत दोन गंज, एक कुकर, तवा, सराटा, कोपर अन् झाकणवाले डबे, बस. आमच्या घरच्यांनी पहिल्या वर्षी चौदा डबे घेतले होते, त्यातले सहा उघडलेच नाही.

रोडग्यांची हौस असेल तर गोवऱ्यांचं एक चुंगडं टपावर चढवा, पण रोडगे फक्त कोणाच्या तरी वावरात, मालकाला विचारून. जंगलाच्या हद्दीत विस्तव पेटवणं गुन्हा आहे, अन् फेब्रुवारीच्या मध्यानंतर तर पाचोळा असा वाळलेला असते की एक ठिणगी पुरे. निघताना राखेत पाणी ओता, काडीनं ढवळा, परत ओता, मग हात लावून पाहा. हात लावता आला तरच विझलं.

प्रश्न : काकाजी, आमच्याकडे बॅटरीचा फवारणी पंप आहे, 16 लिटरचा. मस्त फवारा येते. धुऊन घेतला तर अंघोळीला शॉवर म्हणून चालेल ना? अन् त्याच्या बॅटरीवर लाईट लागते का?
– वाचक, घाटंजी तालुका

उत्तर : बेटा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. धुऊन नाही, सात वेळा धुऊन नाही, लिंबू-साबण लावून नाही. टाकीचं प्लॅस्टिक, नळीचं रबर, नोझलमधले वॉशर हे औषध पिऊन बसलेले असतात, अन् अंघोळीचं पाणी डोळ्यात-तोंडात जाते. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किती घरं उघडी पडली, तू लहान असशील तेव्हा, पण घरी विचार. शॉवर पाहिजेच असेल तर नवाकोरा साधा हातानं मारायचा फवारणी पंप घे, त्यावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात 'पाणी' लिही अन् ट्रिपनंतर तो वावरात जाऊ देऊ नको. नाहीतर बादली-मग्गा आहेच की, आपले आजोबा त्यावरच गोरे झाले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. बॅटरी पंपातून काढून, बाहेरून ओल्या फडक्यानं चांगली पुसून घे, हातमोजे घालून. साधारण 12 व्होल्ट 8 अँपिअरची असते, म्हणजे 96 वॅट-तास. शिसाची असेल तर अर्धीच वापरायची, पूर्ण उतरवली की लवकर मरते. अर्धीत 5 वॅटचा 12 व्होल्टवाला एलईडी नऊ-साडेनऊ तास चालते, म्हणजे दोन संध्याकाळी आरामात. मोबाईल मात्र तिच्यावर लावू नको, एका फोनला 20-25 वॅट-तास लागतात, दोन फोनांत बॅटरी खल्लास. मोबाईल गाडी चालू असताना गाडीच्या सॉकेटवर चार्ज करायचे, त्याला वेगळा खर्च नाही. बॅटरीच्या वायरीत 5 अँपिअरचा फ्यूज टाकायला विसरू नको, तो दहा-वीस रुपयांचा असते अन् गाडी लाखांची.

याच धर्तीवर अजून एकानं विचारलं की वावराच्या कुंपणाला करंट सोडणाऱ्या झटका मशीनची सोलर प्लेट अन् बॅटरी काढून नेली तर. ने बाप्पा, रानडुकरं तुझ्या तुरीत पंगत बसवतील, रोही वाढायला येतील!

छोट्या फ्रिजबद्दलही पुष्कळांनी विचारलं. 45 वॅटचा फ्रिज अर्धा दिवस जरी चालला तरी पाचशेच्या वर वॅट-तास मागते. डिसेंबरात आपल्याला फ्रिज लागते कशाला, दूध रोज ताजं घ्या.

प्रश्न : मी स्पष्टच विचारते. घरचे म्हणतात रस्त्यात सोय होते, पण सोय त्यांची होते, आमची नाही. सासूबाई, मी अन् मोठी मुलगी, आम्ही तिघींनी काय करायचं? यावर कोणी लिहीतच नाही.
– वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : ताई, बरोबर पकडलं. मागच्या अंकात मीही लिहिलं नव्हतं, त्यावर घरी बोलणी बसली. म्हणून हे उत्तर आमच्या घरच्यांनी सांगितलं अन् मी फक्त टाइप करून राहिलो.

झाकणवाली 20 लिटरची रंगाची बादली घ्यायची, तिच्या कडेवर पाण्याचा पाइप चिरून बसवायचा म्हणजे कड टोचत नाही. आत जाड पिशवी, अन् सोबत आरा मशीनवरून लाकडाचा भुसा एक कट्टाभर, फुकटात मिळते. प्रत्येक वेळी वरून दोन मुठी भुसा टाकला की वास नाही, माशा नाही. सकाळी वस्तीपासून, पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब फूटभर खड्डा करून भुशासकट गाडायचं, पिशवी मात्र गाडायची नाही, बांधून परत आणायची. पॅडही असेच कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, गावात कचरापेटी दिसली की तिथं. आडोशाला दोन जुन्या जाड साड्या अन् गाडीचं मागचं दार उघडं ठेवलं की तीन बाजू होतात, बॉल पेन एवढा टॉर्च आत टांगायचा पण डोक्याच्या वर नाही, खाली, नाहीतर सावल्या बाहेरून दिसतात. हे वाक्य मला कधी सुचलं नसतं.

सासूबाईंसाठी त्याच बादलीवर मधे भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची बसते. अन् मुख्य म्हणजे सलग तंबू नको. दोन रात्री बाहेर, तिसरी रात्र छपराखाली, हा आमच्या घरचा नियम झाला. शेगावला संस्थानचं भक्त निवास आहे, स्वच्छतेचं नाव आहे त्यांचं, चिखलदऱ्याला अन् लोणारला एमटीडीसीचे रिसॉर्ट आहेत. त्या रात्री सगळ्यांच्या अंघोळी, केस धुणं, कपडे धुणं, सगळं उरकून टाकायचं. बायका पाणी कमी पितात प्रवासात, मुद्दामून, सोय नाही म्हणून, अन् मग लघवीची जळजळ घेऊन घरी येतात. बादलीचा खर्च दवाखान्यापेक्षा कमी आहे.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? रस्त्यात हँडपंप असतातच ना?
– वाचक, आर्णी

उत्तर : असतात, पण पाणी पाहून. प्यायला माणशी रोजचे 4 लिटर, सहा जणांचे 24, स्वयंपाक अन् खरकट्याला अजून 12-15. म्हणजे 20 लिटरचे दोन जार कायम भरलेले, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा. एक जार संपला की भरायचा, दोन्ही संपायची वाट पाहायची नाही.

दर्यापूर, अकोट, शेगाव, मूर्तिजापूर हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी मचूळ, खारट, त्याचा चहा केला तर दूध फाटल्यासारखं होते. तिथल्या लोकांनाच पाण्याचा त्रास, तुम्ही त्यांच्या हँडपंपावर भरवसा ठेवून जाऊ नका, आधीच भरून घ्या. लोणारच्या सरोवराचं पाणी तर खारं अन् अल्कधर्मी, हात धुतला तरी साबण लावल्यासारखं बुळबुळीत, तिथं भांडी घासायचाही विचार नको. आपल्या यवतमाळ-चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांत फ्लोराईड आहे, अशा हँडपंपांवर लाल रंग मारलेला दिसला तर सोडून द्या.

खळखळ उकळी आणली की जंतू मरतात, मीठ अन् फ्लोराईड मरत नाहीत, उलट पाणी आटते अन् ते वाढतात. नदी-तलावाचं पाणी घ्यायची वेळ आलीच तर दुपदरी सुती कपड्यातून गाळून, मग उकळून. चार ओळी वाढल्या पण पाण्यावर वाढू द्या.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र बाईकवर, सामान बांधून, नागपूरवरून समृद्धीनं जाणार आहो. काही टिप्स?
– वाचक, सेलू

उत्तर : एकच. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या रस्त्यानं जा, चहाच्या टपऱ्याही तिकडंच आहेत.

प्रश्न : तंबू नेमका लावायचा कुठं? वाघ-अस्वलाची भीती वाटते. सापाचीही.
– वाचक, साकोली तालुका

उत्तर : वाघाची भीती वाटते ते चांगलं आहे. ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, या व्याघ्र प्रकल्पांत आपल्या मनानं तंबू लावता येत नाही, अन् बफरमध्ये, म्हणजे प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यात सुद्धा गावाच्या बाहेर लावू नका. अशा भागात मी सरळ गावातच थांबतो, सरपंचाला, पोलीस पाटलाला भेटतो, शाळेच्या नाही तर ग्रामपंचायतीच्या आवारात जागा मिळते, सकाळी चहाही मिळते. आलापल्लीच्या पुढं हेमलकशाकडं जाताना टाकी फुल करा, नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून घ्या कारण रेंज येते-जाते, अन् अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागा. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम अन् इंद्रावती मिळतात तो संगम पाहायला सकाळची वेळ छान.

अस्वल मोहाच्या झाडाशी येते, मार्च-एप्रिलमध्ये तर हमखास, हिवाळ्यात बोरीशी. मोहाखाली, बोरीच्या जाळीजवळ तंबू नाही. आग्या मोहोळ लटकलेल्या झाडाखाली नाही, तुमच्या चुलीचा धूर त्यांना चालत नाही. कोरड्या कालव्यात वाळू मऊ दिसते म्हणून तिथं नाही, रब्बीचं आवर्तन सुटलं तर रात्री पाणी येते. धरणाच्या काठावर लावायचा तर पाण्याच्या खुणेपासून चांगला वर.

सापात सगळ्यात कपटी मण्यार. रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात ऊब शोधत येते, अन् चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. तंबूची चेन रात्रभर पूर्ण बंद, चपला आत, सकाळी बूट झटकून घालायचे, अन् तंबूत खायचं काही नाही. तणसावर अंथरूण टाकायची आपल्या भंडारा-गोंदियाकडं सवय आहे, मऊ लागते, पण जुन्या ढिगातलं तणस उंदरांचं घर असते, ते नकोच. काही झालंच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय हलू न देता सरकारी दवाखाना, 108ला फोन. रोज मुक्कामाला पोचलं की सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं ते गावकऱ्यांना विचारून घ्यायचं, त्याला दोन मिनिटं लागतात.

प्रश्न : गाडीचं काय काय तपासू? अन् सोबत कोणती अवजारं? गॅरेजवाल्यानं दोन पानी यादी दिली.
– वाचक, उमरखेड तालुका

उत्तर : माझ्याच धंद्यातला माणूस आहे, त्याच्या यादीला नावं ठेवत नाही. ऑइल, कूलंट, ब्रेक, बेल्ट हे तो पाहीलच. तुम्ही स्वतः दोन गोष्टी पाहा. टायरच्या बाजूला अंडाकृती खुणेत चार आकडे असतात, समजा 2319, म्हणजे 2019च्या 23व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांच्या वर गेला असेल तर नक्षी कितीही चांगली दिसो, लांबच्या ट्रिपला नको. स्टेपनीचेही आकडे पाहा, तीच सगळ्यात म्हातारी असते. हवा मात्र भरलेल्या गाडीची, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडचा वेगळा आकडा असते तो, अन् सकाळी टायर गार असताना.

अवजारात पाना, जॅक, टो करायचा दोर, कासरा नाही हो, जाड पट्ट्याचा, जम्पर वायर, पंक्चर किट, 12 व्होल्टचा हवेचा पंप, अन् फावडं. अन् एक फळी.

फळीचं सांगतो. पुसदच्या अलीकडं आमचा मुक्काम, रस्त्याच्या बाजूला धुऱ्याजवळ हिरवं गवत दिसलं अन् मी गाडी उतरवली. संध्याकाळी अवकाळी आला, अर्धा तासच, पण काळ्या मातीला अर्धा तास पुरे. सकाळी पाहतो तर मागचं डावं चाक बसलेलं. जॅक लावला, फिरवून राहिलो, फिरवून राहिलो, गाडी जागची हलत नाही. मोठं पोरगं वाकून म्हणते, बाबा, गाडी वर नाही जाऊन राहिली, जॅक खाली जाऊन राहिला. खरंच, जॅकचा पाय वीतभर मातीत गेलेला, वर फक्त मान. दगड शोधले, त्या चिकणमातीत दगड कुठं. मग माझी नजर पडली पोळपाटावर. गोल, जाड, माझ्या सासरवाडीहून आलेला. घरचे अजून झोपलेले होते. जॅकखाली घातला, गाडी बरोबर चार बोटं उचलली, पोरानं टाळ्या वाजवल्या, अन् कडाड! मधून दोन तुकडे, गाडी परत खाली, अन् त्या आवाजानं तंबूची चेन उघडली.

शेवटी बाजूच्या वावरातल्या भाऊंनी बैलगाडीची जुनी साटी अन् कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे दोन भारे आणून दिले, साटीवर जॅक, चाकाखाली पऱ्हाट्या, तेव्हा कुठं गाडी निघाली. त्यांनी पैसे घेतले नाही, चहा घेतला. तेव्हापासून दीड इंच जाडीची, फूट बाय फूट बाभळीची फळी सीटखाली कायम असते, अन् काळ्या मातीत मी गाडी उतरवत नाही, मुरूम असेल तरच. दोन रिकामे बारदाने पण ठेवा, चाक फिरायला लागलं की पुढ्यात टाकायला.

नवा पोळपाट मी घेऊन दिला, सागवानी, जुन्याहून भारी. घरचे तो गाडीजवळ येऊ देत नाहीत. भाकर कोपरात.